चार्ज कुणाला दिलास?

सोम. ३ नोव्हेंबर
रात्रपाळीचा तिसरा आठवडा. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून मेट्रोने सव्वाआठला घरी. पडदे ओढले, फोन बंद, डोळ्यांवर बायकोची ओढणी. साडेअकरापर्यंत कूस बदलत पडलो. पाय आपले पत्रा दाबायच्या प्रेसच्या ठेक्यावर हलताहेत, धाडकन, धाडकन. मग खालून भाजीवाला आला, "सोप्पू, सोप्पू." म्हणजे कन्नडमध्ये पालेभाजी. मला ऐकू येतं "झोपू, झोपू". झोप बाबा तूच.
शेवटी फोन चालू केला. नीता ऑफिसातून म्हणे, "तू प्रयत्नच फार करतोस." बाईसाहेब उशीला डोकं टेकताच घोरतात, त्यांना काय सांगायचं!

बुध. ५
लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो. काल पाळी संपता संपता आमचा फिटर मंजुनाथ डायमध्ये अडकलेला पत्र्याचा तुकडा काढत होता. सेटिंगसाठी पुढचा संरक्षक गार्ड वर घेतलेला. आणि माझा पाय पेडलवर गेला, प्रेस धाडकन खाली. मी उभ्या उभ्या डुलकीत होतो. मंजूने हात नुकताच बाहेर घेतला होता. नुकताच.
तो म्हणाला, "बिडी सार." जाऊ द्या. कसं जाऊ दे? त्याची पाच बोटं दिवसभर मोजतोय.
मॅनेजरला मीच सांगितलं. प्रेसवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलंय. दोन आठवड्यांनी बघू म्हणाले. झोप आली नाही तर पुढच्या वेळी कुणाचा तरी हात जाईल, आणि तोही माझ्याच पायाने.

शुक्र. ७
जायफळ घातलेलं दूध झालं. नीताने तळपायाला तेल लावून काशाची वाटी घासली. मोबाइलमधला बाबा "खांदे सैल सोडा" म्हणतो. खांदे सोडले तर जबडा आवळला. जबडा सोडला तर परत मंजूची बोटं. च्यायला, झोपायचं म्हणजे ओव्हरटाइमच झालाय.
बाराला उठून जिन्यात बसलो. खाली घरमालक अण्णा खुर्चीत. वय अठ्ठ्याहत्तर, तीन पिढ्या बसवनगुडीत, मराठीत निम्मं कन्नड. सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर, तिन्ही पाळ्या. आणि झोपेच्या बाबतीत अवलिया माणूस. जेवण झालं की दोनच्या ठोक्याला डोळे मिटतात, चारला आपोआप उठतात. शेजारी कुकर शिट्ट्या मारू दे, नाहीतर रस्त्यात ढोल वाजू दे. वर्षभर गॅलरीतून मत्सराने बघतोय.
"का रे, झोपला नाहीस?"
"येत नाही अण्णा."
"चार्ज कुणाला दिलास?"
"पुढच्या पाळीच्या सुपरवायझरला."
"ते कारखान्याचं झालं. डोक्याचा कुणाला दिलास?"
म्हातारा चेष्टा करतोय असं वाटलं. हसून वर आलो.

सोम. १०
चेष्टा नव्हती. आज अण्णांनी फाटकातच अडवलं. व्हरांड्यात स्टूल, कोमट पाण्याची बादली, जुन्या बनियनचं फडकं. "आधी मशीन पुसायचं. घाण मशीनचा चार्ज आम्ही घेत नव्हतो." एकेक बोट पुसायला लावलं, पेरापेराने. घाई केली की "परत." मग पाय, अंगठ्यापासून वर. वीस मिनिटं माझ्यासमोर नुसते बसून. आत अक्का, म्हणजे अण्णांची बायको, हसत होती. पाय मात्र खरंच जड झाले.
मग लाल पुठ्ठ्याची वही काढली. "बोल, काय काय पेंडिंग?" मी सांगायचं, त्यांनी लिहायचं, मोठ्यांदा वाचून दाखवायचं. सिलिंडर बुक करणे. सासूबाईंचं तिकीट. तपासणीत परत आलेला माल. खाली वेळ घालून सही. "आयतु. झालं. आता हे माझं. तू जा."
दीड तास झोप लागली. सलग!

गुरु. १३
काल-परवा तीन-तीन तास. पण दचकून जाग येतेच.
आज अण्णांनी अर्ध्यातच पेन खाली ठेवलं. "अर्धाच चार्ज देतोस तू. आमच्यात एक होता असा. मशीनचा आवाज बदलला तरी सांगायचा नाही. पुढच्याने काय करायचं?"
मग सांगितलं. पेडल, डुलकी, मंजूचा हात, सगळं. बोलता बोलता रडायलाच लागलो, बादलीत पाय घालून. नशीब, रस्त्यावरून कुणी गेलं नाही.
अण्णांनी ना पाठीवर हात ठेवला, ना "असं होतंच" म्हणाले. लिहिलं: "मंजुनाथ. उजवा हात. शाबूत." वाचून दाखवलं. सही, ८.५०. "तू उठेपर्यंत हा हात माझ्याकडे."
अडीचला उठलो. काय माणूस आहे! मी आजवर इतकी ट्रेनिंगं केली, तिथे हे कुणी शिकवलं नाही.

मंगळ. १८
शेंगांची जत्रा आहे. रस्ताभर भुईमुगाचे ढीग, पोरांच्या पिपाण्या, कान किटले. सहा तास झोपलो. नीता म्हणे, "पिपाण्यांत झोपलास? मग आता माझ्या घोरण्याबद्दल एक शब्द काढायचा नाही." मान्य.
मॅनेजरचा फोन: गुरुवारी रात्रपाळीला प्रेसवर यायचं का, तूच सांग. मंजूला विचारलं. त्याने फोनवर उत्तर दिलं, "बन्नी सार." या म्हणे. मला यायचंय. भीतीही वाटतेय.

बुध. १९
चारला भाजलेल्या शेंगा द्यायला खाली गेलो. अण्णा खुर्चीत ताठ, डोळे लालबुंद, वही मांडीवर. अक्काने मला आत बोलावलं.
"सांगू नको म्हणालेत, पण सांगते. दहा तारखेपासून दुपारची झोप नाही त्यांना. मी म्हटलं, पडा स्वल्प. तर म्हणे, चार्जवर असताना झोपायचं नसतं, रिलीव्हर कुठे आलाय?"
रिलीव्हर म्हणजे पुढचा पाळीवाला, म्हणजे मी. मी वर घोरतोय आणि हा माणूस खाली माझी ड्युटी करतोय, नऊ दिवस! मला वाटलं होतं, वही म्हणजे मला झोपवायची युक्ती. ते खरंच चार्ज घेऊन बसले होते. लाज वाटली. पाया पडावंसं वाटलं. पडलो असतो तर ओरडले असते.

गुरु. २०
सकाळी सही करताना म्हटलं, "अण्णा, तुम्ही दुपारी झोपत जा ना."
"आणि चार्ज?"
वर जाऊन दोनचा गजर लावला.
पाच तास झोपून खाली गेलो. "अण्णा, रिलीव्हर आलाय. चार्ज द्या."
अण्णांनी घड्याळ बघितलं. "लवकर आलास." पण वही उघडली. नियम म्हणजे नियम. सिलिंडर, तिकीट, मंजुनाथ उजवा हात शाबूत, एकेक वाचलं. मग पेन घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःची एक ओळ खाली लिहिली: "हिचा श्वास. रात्री उठून बघावा लागतो." वाचताना आवाज खाली आणला, अक्का आतच होती.
म्हणजे हा माणूस रात्री झोपतच नाही. दुपारचे दोन तास, तीच त्यांची झोप. मी मत्सर करत होतो ती. आणि तीच त्यांनी मला देऊन टाकली होती.
मी ओळ परत वाचून दाखवली. सही केली, २.१०. "आयतु अण्णा."
"सरी. ठीक," म्हणाले, आणि खुर्चीतच डोळे मिटले.

खाली खुर्चीजवळच बसून लिहितोय. आज रात्री प्रेसवर. पाच तासांची झोप पुरेल का, माहीत नाही. नाहीच पुरली तर जाऊन सांगेन, पेडलला पाय लावणार नाही. अक्का आत तांदूळ निवडतेय. मधूनच खोकते, मी लक्ष ठेवून आहे.
चार वाजले. अण्णा उठले नाहीत. उठवायचं नाही असं ठरवलंय.
साडेचार. अजून झोपलेत, बारीक घोरताहेत. मी जागेवर आहे.