शिशी वर धरली तेव्हा

४ फेब्रु. ६३, सोम.
मजुरांच्या कॅम्पात भाषण. चीनची लढाई थांबली, दवाखान्यातल्या साहेबांचा हुरूप थांबत नाही. विषय: शत्रूने रोगाचे जंतू सोडले तर काय करावं. कागद हिंदीत, तोही कोर्टातला वाटावा असा. साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वाचा, बाया तुमचं ऐकतात." वाचला. समोर मजूर बाया टोपल्या पालथ्या घालून बसलेल्या, निम्म्या पेंगत. जाग्या व्हाव्यात म्हणून देवीच्या लशीची शिशी वर धरली. म्हटलं, बघा, एवढ्याशा शिशीतून दुश्मन अख्ख्या गावात माता, म्हणजे देवी, आणू शकतो! सगळ्या खडबडून जाग्या. स्वतःवर खूश होऊन घरी आले.

७ फेब्रु.
देवी टोचायला गेले तर बाया पोरं काखोटीला मारून पळाल्या. एक म्हातारी ओरडली, "ओहीच सीसी आय!" मग कळलं: भाषणात दाखवलेली दुश्मनाची शिशी ती हीच, असं त्यांना वाटलं. कपाळावर हात मारून घेतला. कागदात शिशीचा शब्दही नव्हता, ती माझी अक्कल.

९ फेब्रु., शनि.
शेजारच्या गिरजावहिनीसुद्धा! भंडाऱ्याकडच्या, रोजचं येणंजाणं. त्यांची शेवंता दोन वर्षांची, अजून टोचलेली नाही. तासभर समजावलं.
"तुमीच त ते शिशी दाखवली बाई. मी का आंधळी हाओ?"
"अहो, ही औषधाची."
"मंग तवा कावून नाही सांगतलं? अन माता का चिन्यायची मोलकरीन हाये? त्यायनं धाडली अन हे आली?"
चिडून चहा तसाच टाकून उठले. शेवंता दारापर्यंत माझा पदर धरून आली.

१० फेब्रु., रवि.
वहिनी शेवंताला घेऊन कॅम्पात कुणाच्या बारशाला गेल्या. मी अबोला धरलेला, विचारलंही नाही.

१३ फेब्रु.
बर्फ नाही. तीन चिठ्ठ्या पाठवल्या. बिनबर्फाची लस म्हणजे नुसतं पाणी. साहेब म्हणतात, "चला लेंगे." काय चला लेंगे, डोंबल?

१४ फेब्रु., गुरु.
बारशाच्या घरी उतई गावाहून आलेला पाहुणा. तोंडभर देवीचे दाणे. घरचे म्हणतात, उष्णतेचे फोड. रविवारीही तो तिथेच पडून होता, आणि शेवंता त्याच खाटेवर खेळली.
साहेबांची पहिली चिंता: वर कळवताना 'शत्रूचा संशय नाही' असं लिहावं का. हसावं की रडावं!
धावत वहिनींकडे. त्या खाटेवर खेळल्याला आज चौथा दिवस, आज टोचलं तरच काही आशा. भांडले नाही, पायाच पडले. त्या घाबरून मागे सरकल्या. भाऊजी कारखान्याच्या भट्टीवरून आलेले, अंगावर अजून धूळ. म्हणाले, "टोचा बाई. मी धरतो पोरीले." वहिनी चुलीकडे तोंड करून बसल्या.
टोचलं. शिशी कालचीच, बिनबर्फाची. बर्फ आज दुपारी आला.

१८ फेब्रु.
दंडावर लालसर ठिपका. लस धरली? की नुसती टोचल्याची खूण? रोज तीनदा जाऊन बघते. वहिनी बोलत नाहीत, पाट मात्र सरकवतात.
कॅम्पात आता बाया आपणहून रांग लावतात. पाहुण्याला बघून आल्यात सगळ्या. माझं भाषण फुकट, कागदही फुकट.

२२ फेब्रु., शुक्र.
शेवंताला ताप. एकशे दोन.
लस धरली असेल तर आठव्या दिवशी ताप येतोच. आणि माता आली असेल तर बाराव्या दिवशी येतो. बारशाला आज बारा दिवस झाले. दोन्ही हिशेब आजच्याच तारखेला यावेत! दंडावरचा दाणा भरलाय, पण बारीक. इतका बारीक की लस धरलीच अशी मी शपथ घेणार नाही.
वहिनी तेरा दिवसांनी माझ्याशी नीट बोलल्या. पोर मांडीवर, डोळे माझ्यावर.
"बाई, हा ताप तुमचा का मातेचा?"
"माझा," म्हटलं. ताबडतोब.
त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवला. आता ठेवला!
परवापर्यंत कळेल, माता असेल तर दाणे उठतील. सकाळी आधी तोंड बघायचं, मग तळहात.