समुद्रफूल आणि परत आलेल्या बरण्या

रूसे, डिसेंबर

प्रिय रालित्सा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. घरच्या पत्त्यावर न लिहिता तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर का, ते वाचता वाचता कळेल. कदाचित पाकीट बघूनच कळलं असेल. तुझी सासू संशयी आहे हे तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. सगळी नोकरी रूसे–वार्ना गाडीत तिकिटं तपासण्यात गेली. बिनतिकिटाचा प्रवासी घाबरलेला दिसत नाही, तो खिडकीबाहेर जरा जास्तच रस घेऊन बघतो. ऑक्टोबरात तुझा नवरा, म्हणजे माझाच यासेन, माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून तसाच बाहेर बघत होता. बाहेर काय, तर शेजारच्या त्सोंकाच्या वाळत घातलेल्या चादरी.

मोटारीतून त्याने काचेची टाकी उतरवली, दिवे, पंप, मिठाचं पोतं आणि झाकणाच्या बादलीत ते समुद्रफूल. वसंतात तुम्ही घेतल्याचं तू फोनवर सांगितलं होतंस तेच. "आई, तुझ्या सोबतीला," म्हणाला. मी म्हटलं, सोबतीला लोक मांजर आणतात. नाव फूल आणि आहे जनावर, तेही एका तोंडाचं. खायचं त्यातूनच आणि टाकायचंही त्यातूनच. त्सोंका बघायला आली नि म्हणाली, "गेर्गिना, सुनेने बरोबर तुझ्या जोडीचं शोधलंय गं. दिसायला झालर, हात लावला की डसतं." मला पहिला संशय तुझाच आला. दर वर्षी संत निकोलासच्या सणाला मी सोफियाला तुमच्याकडे येते ती नाताळ उलटल्याशिवाय हलत नाही. आता रोज पाणी बघा, दिवे सांभाळा, म्हणजे म्हातारी दाराला बांधली. डोकं सुनेचं, हात मुलाचे, असं मी मनात म्हटलं आणि दोन दिवस तुझ्यावर चिडून होते.

तरी दारात आलेल्याला उपाशी ठेवणं मला जमत नाही. यासेनने सांगितलं तसं मीठ मोजून कालवलं, पाणी उडेल तेवढं रोज गोडं पाणी वरून घातलं. त्याने जाताना समुद्रफूल एका दगडाच्या खोबणीत बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर ते काचेवर चढलेलं, आणि मग पार पलीकडे, पंपाच्या तोंडाशी. पाय नाहीत आणि चालतंय. फोन केला तर यासेनचा आवाजच चिरकला. "आई, पंपात ओढलं गेलं तर कीस होईल त्याचा. पाणीही सगळं नासेल." मी जुना नायलॉनचा मोजा कापून पंपाच्या तोंडावर चढवला. त्सोंका म्हणाली, "तुझा नवरा दिमो बिचारा गेला, त्याच्यासाठी कधी मोजा फाडला नाहीस." पुढे आठवडाभर फिरून फिरून ते खिडकीकडच्या दगडामागे शिरलं, तिथे बूड रोवलं आणि चांगलं बशीएवढं फुललं. खरं सांगते, मला आनंद झाला. यासेनला कळवलं तर म्हणाला, "झालं तर मग. आता त्याला अजिबात हलवायचं नाही. जागा धरलेलं समुद्रफूल उपटलं की त्याच्या जिवावर बेततं."

फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळला. सोफियात तुमच्या बैठकीतही त्याने जागा धरली होतीच ना? मग हे सगळं माहीत असलेल्या माणसाने ते तिथून उपटून, बादलीत घालून, एवढ्या लांब का आणलं?

मग मी बरण्यांकडे वळले. टाकीबरोबर त्याने दोन खोकी आणली होती, ती मी तशीच जिन्याखाली सरकवली होती. उघडली तर आत माझ्या सगळ्या बरण्या. मिरचीच्या चटणीच्या, लोणच्याच्या, पार लग्नानंतर पहिल्या वर्षी पाठवलेल्यासुद्धा. रालित्सा, तू जन्मात कधी बरणी परत केली नाहीस. बस चुकली, झाकण सापडत नाही, बहिणीने नेली, तुझी कारणं मला तोंडपाठ आहेत. आणि आता एकेक बरणी घासूनपुसून, प्रत्येकीला तिचंच झाकण, वर्तमानपत्रात तू गुंडाळतेस तशी टोकं आत खोचून. खालच्या थरात यंदाच्या आलुबुखाराच्या जॅमच्या दोन बरण्या, न उघडलेल्या. त्या बघून मी जिन्यातच बसले. पुन्हा भरून हव्या असतील तर सुना बरण्या अशा पाठवत नाहीत.

त्सोंकाला संशय वेगळा. "दुसरी बाई असणार गं. मुलगा फोन करतो तेव्हा मागे बाईचा आवाज येतो, तूच सांगितलंस ना?" आवाज येतो खरा. ती बाई सारखी विचारते, गॅस बंद केला का, न्हाणीघरातला दिवा घालवला का. लफड्यातली बाई असं विचारत नाही, घरमालकीण विचारते. तेव्हा माझा मुलगा कुणाच्या तरी खोलीत भाड्याने राहतोय आणि तिथे टाकीला जागा नसणार, एवढं मला कळलं. त्याला विचारलं, तर म्हणतो, "रेडिओ आहे."

संत निकोलासच्या दिवशी यंदा मी इथेच कार्प मासा भाजला, अक्रोड भरून, एकटीने. सणाला घरातलं कुणी उपाशी राहू नये म्हणून एक चांगला मोठा तुकडा, मीठमसाला न लावता, समुद्रफुलालाही दिला. त्याने झालरीची बोटं मिटून आत घेतला. मला बरं वाटलं, म्हणून आणखी एक दिला. दुसऱ्या दिवशी सगळा गोळा बाहेर, पाणी दुधासारखं, आणि ते स्वतः सुकलेल्या अंजिराएवढं, दगडाला लोंबकळत. मी यासेनला फोन केला, म्हटलं मेलं बहुतेक. रालित्सा, तो रडला. एवढा मोठा बाप्या रडत म्हणाला, "आई, काही कर, पाणी बदल. तिने जाताना एवढंच मागितलं होतं, हे जगव म्हणून. मेलं तर मी तिला काय तोंड दाखवू?" बोलून गेल्याचं ध्यानात आलं तसा त्याने घाईने फोन ठेवला. बिनतिकिटाचा प्रवासी सापडला होता, पण मला मुळीच समाधान वाटलं नाही.

समुद्रफूल जगलंय. पाणी बदललं, उपास घडवला, परवापासून पुन्हा फुलायला लागलंय. पण पत्र त्यासाठी नाही. तुमच्यात काय झालं ते मी विचारणार नाही. संशय पुष्कळ आहेत, ते माझ्यापाशी राहू देत. तू त्याला सोडलंस, ते तुमचं तुम्ही बघा. मला सोडताना मात्र मला विचारायला हवं होतंस. मी तुझ्यावर नाराज आहे आणि मला तुझी फार आठवण येते. उद्याच्या सोफियाच्या बसच्या ड्रायव्हरकडे एक खोकं देतेय, तुझ्या नावाचं, दवाखान्यात पोचेल. तुझ्याच बरण्या आहेत, मी पुन्हा भरल्यात. आलुबुखाराचा जॅम तोच आहे, मी काही तो खाणार नाही. समुद्रफूल तुझं आहे, पण त्याने माझ्या खिडकीशी जागा धरलीय आणि आता त्याला हलवता येत नाही. तेव्हा बघायचं असेल तर तुलाच इथे यावं लागेल. येताना रिकाम्या बरण्या आण. यासेनच्या हाती पाठवायच्या नाहीत.

तुझीच,
आई

ता.क. झाकणं विसरलीस तरी चालेल. पुढच्या खेपेला आण.