एका काठीचे दोन धनी

७ नोव्हेंबर
ट्राउट माशाचा हंगाम कधीच संपला. उन्हाळ्यातले हौशे-गवशे आपापल्या घरी गेले. आता मार्चपर्यंत नदीत फक्त ग्रेलिंग मासा आणि थंडीत कुडकुडत तो धरणारे यॉर्कशरचे खरे लोक. म्हणजे मी आणि वॉल्टर.
संकल्प : यंदाचा सर्वांत मोठा ग्रेलिंग माझा.
वॉल्टरला फोन केला. म्हणाला, अरे क्लाइव्ह, रविवारचं मी हंफ्रीला हो म्हणून बसलोय. हा हंफ्री निवृत्त दंतवैद्य. परवा-परवा लंडनहून आमच्या गावात राहायला आला. इथल्या पाण्यात उभं राहायला पिढ्या जाव्या लागतात. असो. मला काही वाटलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
सहज पुलावर फिरायला गेलो. दुर्बीण पक्ष्यांसाठी होती.
दोघंही कमरेएवढ्या पाण्यात. दोघंही एकाच वेळी. आणि दोघांच्या हातात गळाच्या वेगवेगळ्या काठ्या! याला मासेमारी म्हणत नाहीत. आमच्याकडे हिवाळ्यात दोघांत एकच काठी, हा वडिलांच्या काळापासूनचा रिवाज. एक जण पाण्यात, दुसरा काठावर. मासा लागला की काठी दुसऱ्याला द्यायची. त्यात सोबत असते, गप्पा होतात. गेला हिवाळा वॉल्टर बहुतेक काठावरच होता. त्याला काठ आवडतो. पाय आपटतो, थर्मास सांभाळतो, मासे कुठे आहेत ते मला सांगतो.
हंफ्रीला मासा लागला. वॉल्टर दाढा दिसेपर्यंत हसला. माझ्यासोबत असताना त्याच्या दाढा मी कधी पाहिल्या नव्हत्या. हा दंतवैद्याच्या संगतीचा परिणाम.

१९ नोव्हेंबर
दुकानात कळलं, हंफ्री म्हणे गळाला गुलाबी माशी लावतो. आम्ही पिसं आणि धागा गुंडाळून माशी बांधतो ती करड्या रंगाची. नदीवरची किडामुंगी दिसते तशी. गुलाबी किडा कुणी पाहिलाय? ग्रेलिंगसारख्या खानदानी माशाची ही चक्क फसवणूक आहे.
संध्याकाळी थोड्या गुलाबी माश्या बांधल्या. केवळ अभ्यासासाठी. लोकर डोरीनच्या टोपलीतली घेतली. आता ती म्हणते, नातीच्या स्वेटरची एक बाही कोपरापर्यंतच आलीय, बाकीची नदीत पोहतेय का? बायकोला विज्ञानाचं वावडं आहे.

८ डिसेंबर, सकाळ
वादळी वारा. वॉल्टर घरीच असेल म्हणून त्याच्या दारावरून गाडी नेली. त्याची गाडी नव्हती. हंफ्रीच्या दारावरून नेली. तिथे होती.

१५ डिसेंबर
एकटाच गेलो. एकटेपणाचं सुख काही वेगळंच. पाण्यावर वाफ, गवत पांढरंफेक, आणि एक रॉबिन पक्षी माझ्या टोपीकडे टक लावून बघत होता. अशा वेळी वाटतं, माणसाला आणखी काय हवं? मासा हवा, पण तो दुय्यम.
काठीवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ धरला. तो तोंडाने वितळवायचा असतो. ओठ चिकटला. सोडवताना पाय घसरला. पडलो नाही, बसलो. रबरी विजारीत काठोकाठ नदी भरली. घरी आल्यावर डोरीनने विचारलं, काही लागलं का? म्हटलं, ओठाला. ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.
गुलाबी माशी साफ कुचकामी.

२२ डिसेंबर
पबमध्ये भिंतीवर नवा फोटो. वॉल्टर, त्याच्या हातात त्याच्या हाताएवढा ग्रेलिंग. यंदाचा सर्वांत मोठा, असं सगळे म्हणत होते. हंफ्री पुढे होऊन मला म्हणाला, सगळं श्रेय वॉल्टरचं, मी फक्त जाळं धरलं. इतका सभ्य माणूस मी आजवर पाहिला नाही. किळस येते.
मत्सर नाही, मत्सर नाही, असं मनाला बजावत आलोय. आहे. माशाचा नाही, मासे काय, लागतात. फोटोत हंफ्रीचा हात वॉल्टरच्या खांद्यावर आहे. तो खांदा माझ्या ओळखीचा आहे.
संकल्प : वॉल्टरला परत आणायचं.

९ जानेवारी
डोरीनने केलेला पोर्क पाय, मांसाचं सारण भरलेला, घेऊन वॉल्टरकडे गेलो. रविवारी येतोस का, म्हटलं. तो पोर्क पायकडे बघत राहिला. मग म्हणाला, दोन काठ्या आणू? म्हटलं, छे, आपला रिवाज आहे की! तो म्हणाला, हो, रिवाज आहे खरा. येतो म्हणाला!! हंफ्री संपला.

१२ जानेवारी, रविवार
उदार मनाने पहिला नंबर वॉल्टरला दिला. त्याने दोरी टाकली, जरा वाट पाहिली आणि ग्रेलिंग काढला. नशीब. काठी माझ्याकडे आली.
नंतरचा दिवस मी गाजवला. दोरी कुठे कुठे टाकली! वॉल्टर काठावर पाय आपटत होता, म्हणजे खुशीत होता. पोर्क पाय खाऊन झाल्यावर म्हणाला, जरा मी बघू का? म्हटलं, अरे, अजून मासा कुठे लागलाय? तो हसला. दाढा दिसल्या नाहीत.
ऊन डोंगराआड गेलं आणि माझी काठी वाकली! वॉल्टर जाळं घेऊन धावत पाण्यात शिरला. लेका क्लाइव्ह, सोडू नकोस, सोडू नकोस, असं ओरडत होता. त्याला माझ्याहून जास्त आनंद झाला होता. जाळ्यात पाहिलं तर अंगावर लाल ठिपके. ट्राउट. हंगाम बंद, त्यामुळे लगेच सोडून दिला.
वॉल्टरने काठीसाठी हात पुढे केला. मी त्याला समजावलं की हिवाळ्यात ट्राउट हिशेबात धरत नाहीत. तो लागलेला मासा नव्हेच. तेव्हा नंबर अजून माझाच.
त्याने हात मागे घेतला. हातमोजा चढवला. म्हणाला, गेला अख्खा हिवाळा मी काठावर काढला, क्लाइव्ह. तुला मासा लागावा म्हणून मी देवाला साकडं घालायचो, ठाऊक आहे तुला? मग शेतातल्या वाटेने पायीच निघून गेला. माझी गाडी असताना.
नियमाच्या बाबतीत माझी बाजू पक्की आहे.

१३ जानेवारी
डोरीनला सगळं सांगितलं. माझी बाजूही सांगितली. ती म्हणाली, आयुष्यभराचा मित्र हात पुढे करून उभा, आणि तू माशाची जात विचारत बसलास? आमच्या मासेमारी क्लबच्या नियमांचा तिला गंध नाही.

२० जानेवारी
वॉल्टरला फोन केला. त्याच्या बायकोने घेतला. बाहेर गेलाय म्हणाली. मागून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

२ फेब्रुवारी, रविवार
एकटाच गेलो. वारा नाही. पाणी आरशासारखं. करडी माशी लावली, दोरी टाकली, आणि पहिल्याच फेकीला लागला. ग्रेलिंग. अस्सल. वॉल्टरच्या फोटोतल्याहून मोठा असेल. पाठीवरचा पंख उभारला तेव्हा त्यात जांभळी, तांबडी सगळी झाक दिसली. इतकी वर्षं हाच हवा होता. मी जोरात ओरडलो.
मासा हलकेच सोडला. वळलो आणि काठी काठाकडे पुढे केली.
तिथे कुणी नव्हतं.
बराच वेळ तसाच पाण्यात उभा राहिलो. पायांचं लाकूड झालं. समोरच आणखी ग्रेलिंग वर येत होते. पण नंबर माझा नव्हता, म्हणून मी पुन्हा दोरी टाकली नाही.