डावीकडची गोल कळ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा फिरतीचा फोटोग्राफर, डोके ठिकाणावर, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कलम सहा तेवढे दबावाखाली लिहिले आहे. दबाव कोणाचा, ते तिथेच कळेल. याआधीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे थंड डोक्याने लिहिले आहे, तेव्हा जास्त झोंबेल.

कलम एक. राहत्या दोन खोल्या आणि त्यातले सामान माझ्या चेल्याला द्यावे. चेला हुशार नाही, पण "हो साहेब" फार सुरेख म्हणतो, आणि या वयात मला तेवढेच ऐकू येते.

कलम दोन. माझ्या एकुलत्या एक मुलीला काहीही देऊ नये. कारण सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. ती अकरा वर्षांची असताना तिने भरलेल्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले आणि तिच्या आईचे शेवटचे छत्तीस फोटो उजेडात जाळले. तिच्या आईचा दुसरा फोटो नाही. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि तिने त्यानंतर कॅमेरा हातात धरलेला नाही. तिच्या मुलांचे फोटोसुद्धा जावईच काढतात.

कलम तीन. दोन कॅमेरे आणि पाच लेन्स चेल्यालाच, पण अटींवर. प्रवासात बॅग मांडीवर ठेवायची, फळीवर नाही. लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ करायची आणि कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे. थंडीतून उबदार खोलीत आलास की बॅग तासभर उघडायची नाही, नाहीतर काचेला आतून घाम सुटतो. माणसाचा फोटो घाईने काढू नये, तो तुला विसरेपर्यंत बसून राहावे. आणि रोज सकाळी क्षितिज सरळ धर. तुझे सगळे समुद्र एका बाजूला सांडतात.

कलम चार. मेहुण्याला, म्हणजे माझ्या बायकोच्या भावाला, बुरशी लागलेली लांब लेन्स द्यावी. त्याने ती एका सहलीसाठी मागून नेली आणि भिजलेल्या टॉवेलात गुंडाळून परत आणली. "दाजी, जिवापाड जपली हो!" असे वर म्हणाला. आता जन्मभर जप म्हणावे.

कलम पाच. तीन पायांपैकी एक पाय मोडलेला ट्रायपॉड शेजारच्या डॉक्टरांना. ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही असे आत्ताच कळले. मग तो भंगारात द्यावा. फार काही फरक नाही.

कलम सहा. इथवर लिहून मी काल दुपारी कच्चा कागद दुसऱ्या साक्षीदारापुढे सरकवला. हा कॅमेरे दुरुस्त करणारा, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याने चष्मा लावून कलम दोन वाचले आणि पेन खाली ठेवले.

"खोटं आहे हे. मी सही करणार नाही."

"तुला काय करायचंय? गप सही कर."

"तेहेतीस वर्षं गप्पच आहे. आता खरं लिही, नाहीतर दुसरा साक्षीदार शोध."

दुसरा कुठून आणू? जे होते त्यांच्याशी मीच भांडून बसलो आहे. म्हणून लिहितो.

बायकोला डॉक्टरांनी दीड-दोन महिने दिले होते. आम्ही तिघे डोंगरातल्या एका विश्रामगृहात गेलो. चौदा वर्षांच्या संसारात मी तिचा एकही फोटो काढला नव्हता. ती म्हणायची, "परक्या बायकांचे बरे काढता!" त्या सकाळी ती मुलीची वेणी घालत पायरीवर बसली आणि म्हणाली, "आज माझे काढा." मी घाईघाईत फिल्म भरली आणि काढत सुटलो.

फिल्म भरली की पुढे सरकवताना डावीकडची गोल कळ फिरते का, ते बघायचे असते. फिरली नाही, तर फिल्मचे पुढचे टोक, म्हणजे जीभ, आतल्या चाकात अडकलेली नाही आणि तुम्ही नुसते खटके वाजवत आहात. हे मी शेकडो पोरांना शिकवले. त्या दिवशी मी बघितले नाही.

कॅमेरा टेबलावर ठेवून मी अंघोळीला गेलो. परत आलो तर झाकण उघडे. मुलगी म्हणाली, "बाबा, आई आत कशी दिसते ते बघत होते." आत चार बोटे फिल्म लोंबत होती, बाकी सगळी डबीत जशीच्या तशी. एका क्षणात मला समजले की आत कोणीच नव्हते. आणि मी मुलीच्या थोबाडीत मारली.

बायको म्हणाली, "जाऊ द्या हो. उद्या परत काढा की."

"फिल्म झाडाला लागत नाही," मी म्हणालो. बॅगेत चार कोऱ्या फिल्म होत्या. पण परत काढले असते तर शिक्षा पोकळ ठरली असती. एकोणीस दिवसांनी बायको गेली. कॅमेरा बॅगेतच होता.

दुरुस्तीवाल्याकडे मी यंत्राचा दोष निघावा म्हणून गेलो. तो म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. जीभ अडकवली नाहीस तू." मी त्याला गप्प राहायची शपथ घातली.

मुली, दोष माझा होता. माफी मागत नाही. तुझे उत्तर मला ऐकवणार नाही, म्हणूनच हे मेल्यावर वाचायच्या कागदात लिहिले आहे. कलम दोन तसेच राहील, खाडाखोड मला आवडत नाही. ती फिल्म मात्र कपाटात कोरडी ठेवली आहे. ती तुला.

माझ्या मृत्यूपूर्वी हा कागद कोणी उघडू नये.

ठिकाण: माझी खोली, दुसरा मजला.
तारीख: ९ सप्टेंबर, सकाळ.
सही: मृत्युपत्र करणारा.

साक्षीदार एक: शेजारचे डॉक्टर. लिहिणारा शुद्धीत आहे, याची खात्री केली. बाकीविषयी बोलत नाही.

साक्षीदार दोन: कॅमेरे दुरुस्त करणारा. कलम सहा पूर्ण आहे, म्हणून सही केली. काल संध्याकाळी कलम सहा लिहून कच्चा कागद माझ्या हाती दिलास, तेव्हाच त्याची नक्कल करून मी मुलीला नेऊन दिली. उत्तर ऐकायला तू जिवंत असायला हवास. ती जिना चढते आहे.