हिवरवाडीचा काळा पट्टा

६ ऑक्टोबर १९८२, बुधवार. लातूर

आज चहाच्या वेळी साहेबांनी पुन्हा त्याचंच कौतुक केलं. सगळ्यांसमोर. "संगप्पानं मांजराकाठची बारा गावं आठ दिवसांत उरकली." मीही नऊ गावं केली — बालाघाटच्या माळावरची, जिथं एसटी जात नाही. नदीकाठच्या काळ्या मातीला यंदा पावसाअभावी अशा भेगा पडल्यात की अर्धा खड्डा दुष्काळानंच खणून ठेवलाय. माझ्या माळावर दगडोबाची पहार वाकली. ते कुणी विचारलं नाही.

दगडोबा आमचा खड्डे खणणारा मजूर. सात वर्षं माझ्याबरोबर आहे. आज तोही म्हणाला, "संगप्पासायेब लई सुद्द माणूस हाय." सात वर्षांत माझ्याबद्दल असं काही बोलल्याचं आठवत नाही.

नवा जिल्हा झाला म्हणून मातीचा नवा नकाशा हवा. कुठं भारी जमीन, कुठं हलकी, पाऊस किती, झाडझाडोरा कोणता — तालुक्यावार. मला नांदेडहून उसनं आणलंय, आणि साहेब अजून मला 'ते नांदेडवाले' म्हणतात. मुख्य सर्वेक्षकाची एकच जागा निघणार आहे. ती मला मिळायला हवी. अकरा वर्षं ढेकळं फोडतोय. तो दोन वर्षांपूर्वी परभणीहून पदवी घेऊन आला.

११ ऑक्टोबर, सोमवार

संगप्पानं डब्यातून हुग्गी आणली होती, गव्हाची खीर. सगळ्यांना दिली, मलाही. चांगली होती, हाच त्रास.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. उदगीर

दोघांची एकत्र फेरी. उदगीरची माती तांबडी, जांभ्याची. त्याचं गाव इथलंच. लोक त्याच्याशी कानडीत बोलतात, मी बाजूला उभा. तो ओली माती चिमटीत धरून तिची पट्टी ओढतो, रंगाच्या पुस्तकाशी ताडून बघतो, आम्ल टाकून फेस येतो का बघतो. सगळं पुस्तकाप्रमाणे. मी बांधावरचं गवत बघतो. कुसळी दिसली की खाली मुरूम, मारवेल दिसली की माती बरी. हिवर आणि तरवड दाट असले तर खाली बरडच, खणायचीसुद्धा गरज नाही.

दुपारी त्यानं विचारलं, "सर, हे गवताचं तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हटलं, गुरं राखताना. त्यानं वहीत लिहून घेतलं. चिडावं की सुखावावं तेच कळेना.

२५ ऑक्टोबर, सोमवार

बैठकीत त्यानं गवताचं सांगितलं. कुसळी, मारवेल, सगळं. साहेब खूश! "हे नकाशाच्या टिपणात घाला." तो म्हणाला, "हे सरांचं आहे, मी फक्त लिहून घेतलं." तोवर साहेब फोनवर बोलायला लागले होते. त्यानं नाव घेतलं हे खरं. साहेबांनी ऐकलं नाही हेही खरं. पहिल्या गोष्टीसाठी मी त्याला माफ करू शकत नाही, हे लिहिताना माझंच मला हसू येतंय.

२ नोव्हेंबर, मंगळवार. हिवरवाडी

सासुरवाडी. अहमदपूर तालुक्याचं टोक — ओढा ओलांडला की मुखेड, म्हणजे आमचा नांदेड जिल्हा. इथं मी सर्वेवाला नाही, गावाचा जावई. पारावरच्या म्हाताऱ्यांपासून शाळेतल्या पोरींपर्यंत सगळे 'जावई आले' म्हणतात. बुद्धविहारापुढं सतरंजी टाकून बसवलं, तीन घरांतून चहा आला. खालच्या पट्ट्याचं काम संगप्पा आणि दगडोबानं केलं. मी वरचा माळ केला आणि धुरपताबाईकडं जेवायला गेलो.

धुरपताबाई माझ्या बायकोची, पंचशीलाची, चुलती. आईबाप गेल्यावर तिनंच पंचशीलाला वाढवलं. भाकरी वाढता वाढता विचारत होती, "जावई, औंदा पाझर तलाव व्हतोय नव्हं आमचा? हिरीला पाणी न्हाई. काम बी न्हाई. निम्मं गाव उसाला गेलं." मी म्हटलं, माती तपासूनच यादी होते. मुरमाड असेल तर पाणी मुरतं, मग तलाव मिळतो. भारी काळी असेल तर मिळत नाही.

"मंग आमची मुरमाडच की," ती म्हणाली. "खालचा पट्टा काळा दिसतो, त्यो आम्हीच केला. बाहत्तरच्या दुष्काळात तळं आटलं, तवा गाळ वाह्यला बायांनी डोक्यावर. बांधाच्या कडंला कंबरभर टाकला, वर चढाला ईतभर. त्याच्याखाली बरडच हाय सारं. तुमच्या सायेबाला सांगा तेवढं."

"हाव, सांगतो," म्हणालो.

३ नोव्हेंबर, बुधवार. लातूर

संगप्पाचा तक्ता पाहिला. हिवरवाडीचा खालचा पट्टा: 'खोल भारी काळी'. खड्डा घेतलेलाच नाही, वेळ नव्हता म्हणून हातगिरमिटानं सहा ठिकाणी भोक पाडून पाहिलं. सहाही भोकं बांधाच्या कडेनं, कारण गाडीवाट तिथून जाते. कंबरभर गाळात गिरमिट घातल्यावर दुसरं काय निघणार? नकाशावर हिवरवाडी काळी झाली.

त्याच्या टेबलापर्यंत गेलो होतो. तो मान खाली घालून सुंदर अक्षरात लिहीत होता. परत आलो.

वीस तारखेला सगळे तक्ते तपासायची बैठक आहे, उपसंचालक येणार आहेत. तिथंच सांगेन. शांतपणे, एका वाक्यात. "साहेब, ती माती नाही, तो गाळ आहे." मग पाहू, पट्टी ओढणारा मोठा की गवत ओळखणारा. गावाचं नुकसान काहीच नाही, दुरुस्ती त्याच दिवशी होईल. सतरा दिवसांचा तर प्रश्न.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. उमरी

दिवाळीची सुटी लागायच्या आत दोन दिवस घरी आलो. संगप्पा कामानं नांदेडपर्यंत आला होता, म्हणून पंचशीलाच्या आग्रहावरून जेवायला आला. ठेचा खाऊन डोळे पुसत पुसत पुन्हा मागितला. तो गेल्यावर पंचशीला म्हणाली, "किती मान देतो तुम्हाला. सारखं सर, सर." मी म्हटलं, वरून मान द्यायचा आणि आतून जागा काढून घ्यायची. ती भांडी घासता घासता थांबली. "तुमचं आजकाल काय चाल्लंय?"

हिवरवाडीचा विषय तिच्यापुढं काढला नाही. ती लगेच म्हणाली असती, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा.

२० नोव्हेंबर, शनिवार. लातूर

बैठक नाही. उपसंचालक आलेच नाहीत.

२२ नोव्हेंबर, सोमवार

तक्ते परस्पर वर गेले! टंचाईमुळे घाई, म्हणे. मी विचारलं, अजून दुरुस्ती करता येईल का? कारकून म्हणाला, "करता येईल की. कारण लिहून द्या, केव्हा लक्षात आलं तेही लिहा." केव्हा लक्षात आलं. कागद घेतला, तारखेपाशी अडलो. तीन नोव्हेंबर लिहिलं तर एकोणीस दिवस काय करत होतास हे विचारतील. आजची तारीख घातली तर धुरपताबाईला विचारतील, आणि ती दोन तारखेलाच मला सांगितल्याचं सांगेल.

कागद घडी करून खिशात ठेवला. अजून खिशातच आहे.

९ डिसेंबर, गुरुवार

यादी आली. शेजारच्या चार गावांना तलाव. हिवरवाडी नाही. शेरा — भारी जमीन, अपात्र. यंदाची यादी बंद.

मला आनंद होईल असं वाटलं होतं, निदान संगप्पाच्या चुकीचा तरी. त्याला तर चूक झालीय हेच माहीत नाही. तो सगळ्यांना शेंगा वाटत होता.

२० डिसेंबर, सोमवार

हिवरवाडीहून माणसं आली होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागच्या दारानं गेलो. दगडोबा सांगत होता, संगप्पानं त्यांना आपल्या खुर्च्या दिल्या, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, मी उद्या येतो, पुन्हा खणू.

२८ डिसेंबर, मंगळवार

स्वतःच्या खर्चानं गेला. तीन दिवस राहिला. आठ पूर्ण खड्डे, चढापासून बांधापर्यंत. चढाला वीतभर काळं, बांधाकडं कंबरभर, पण खाली सगळीकडं मुरूम. आज साहेबांपुढं उभा राहून म्हणाला, "चूक माझी. खड्डा न घेता शिक्का मारला." कुणावर ढकललं नाही. कामाची घाई, वेळ नव्हता, असं काही बोलला नाही. साहेब मात्र बोलले, खूप बोलले. जागेसाठी त्याचं नाव आता जाणार नाही, हेही त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सर, तुमच्याकडून गवत शिकलो आणि तिथं गवतच पाहिलं नाही. चढावर सगळी कुसळी आहे." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा माणूस मी! हात ठेवला आणि पुढं म्हणालो, होतं असं कधी कधी.

मला त्याचा अजूनही हेवा वाटतो. पूर्वी हुशारीचा वाटायचा, आता चूक कबूल करता येते याचा वाटतो. हा जास्त वाईट आहे.

४ जानेवारी १९८३, मंगळवार

उद्या चौकशी. उपसंचालक येणार, धुरपताबाईला बोलावलंय. गाळाची गोष्ट सर्वेच्या दिवशी कुणाला सांगितली होती का, एवढंच विचारायचं आहे. साहेब म्हणाले, "सांगितली असेल तर दोष आपल्या माणसाचा, मग खास बाब म्हणून गावाचं नाव यंदाच घालता येईल. नसेल तर पुढच्या वर्षी."

म्हणजे तिनं माझं नाव घेतलं की गावाला तलाव मिळतो. ती घेणारच. घ्यायलाच हवं. माझी नोकरी जाईल की नुसती बदली होईल याचा विचार करत बसलोय. स्वतःहून सांगायला आजची रात्र आहे, उद्याची सकाळही आहे.

५ जानेवारी, बुधवार

सकाळी सांगितलं नाही.

ती एकटीच आली होती. उपसंचालकांनी दोनदा विचारलं. मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. ती म्हणाली, "न्हाई सायेब. कोणालाच न्हाई सांगितलं. आम्हा अडाण्याला काय ठावं, ते बी सांगावं लागतं म्हणून." खाली अंगठा दिला. दुपारी साहेबांनी मुख्य सर्वेक्षकासाठी माझं नाव पाठवलं.

बसथांब्यावर तिला गाठलं. तिची पिशवी धरून उभा राहिलो. बस आल्यावर तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "पंचशीलाला ह्यातलं कायी सांगू नका, जावई. पोरीला माहेर येवढंच हाय."