घोड्यावरचं जोडपं आणि योगाची चटई

मंगळवार, ४ फेब्रुवारी
घरी सांगितलं, योगाला जाते. चटई काखोटीला मारून गेले सिनेमाला! ज्येष्ठांचा सकाळचा खेळ, तिकिटात चहा-बिस्किटं. माझे मित्र पद्माकर लंडनच्या दुसऱ्या टोकाहून, ईलिंगहून, बस बदलत आले. चटई दोघांच्या मधल्या खुर्चीवर ठेवली — जनाची लाज!

सिनेमा काउबॉयचा. एक जोडपं घोड्यावरून बँका लुटत हिंडतं. पाठीशी पोलीस, तरी मुके घ्यायला सवड! मी नाक मुरडत होते. पहिल्या गोळीला मात्र पद्माकरांचा हात धरला. गोळीबार थांबला तरी सोडला नाही.

बाहेर आल्यावर म्हणाले, "श्यामलाताई, लग्न कराल माझ्याशी?"

"आधी ते ताई काढा!"

उत्तर दिलंच नाही. त्यांची मुलगी त्यांना कायमचं लेस्टरला बोलावतेय. पुढच्या मंगळवारी त्यांना तिला कळवायचंय.

बुधवार, ५
परीक्षितला सांगायला तीनदा तोंड उघडलं. तीनदा विचारलं, "भाजी वाढू?" आयुष्यभर हॉस्पिटलात लोकांना वाईट बातम्या दिल्या, आणि पोटच्या पोराची भीती! त्याला वाटेल, आई बाबांना विसरली. नाही रे विसरले.

चटईही सापडत नाही.

शुक्रवार, ७
घात झाला! सूनबाईंनी चटई आणून दिली. "आई, थिएटरमध्ये विसरलात. मी चार रांगा मागे होते."

"वरदा, तू? आणि ऑफिस?"

नोकरी महिन्यापूर्वीच गेलीय! रोज निघते, लायब्ररीत बसते, कंटाळली की सिनेमा. परीक्षितला पत्ता नाही. आणि डबा रोज मी भरून देतेय! आधी हसू आलं, मग रडू. जवळ घेतलं पोरीला. दोघींनी तोंडं बंद ठेवायची, असं ठरलं.

रविवार, ९
स्वयंपाकघरात आमची कुजबुज. परीक्षित डोकावला. "काय प्लॅन चाललाय? बँक रॉब करताय का?"

पातेलं पडलं माझ्या हातून.

सोमवार, १०
जेवताना वरदाने नोकरीचं सांगून टाकलं. परीक्षितने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "महिनाभर एकटीने टेन्शन घेतलंस? मी कशाला आहे?"

मग मीही सांगितलं. सगळं. हात धरल्याचंसुद्धा!

"आई, आर यू हॅपी?"

"हो," म्हटलं आणि मन हलकं झालं.

"मग काकांना लेस्टरला कशाला जाऊ देतेस?"

मंगळवार, ११
सकाळीच पद्माकरांना फोन केला. "हो," म्हटलं.

"नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा," म्हणाले.

ऐकू आलं होतं! मला पक्कं ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगितलं.