एका नंबरावर दोघींची काळजं

रवि. ११ जाने. २०२६, दुपारी ४.२०

या मिनिटाला एका मोबाईलने मला हृदयरोगी ठरवलं. मेसेज असा: 'आपल्या हृदयाच्या ठोक्यांची लय अनियमित आढळली आहे. त्वरित तज्ज्ञांना भेटा.' वर माझं नाव, खाली आलेख. डॉक्टरची सही नाही, नमस्कार नाही.

सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये शिबिर होतं. हातात मावेल एवढी पट्टी, तिच्यावर दोन्ही अंगठे ठेवायचे. अर्ध्या मिनिटात म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता निदान करते. माझी नैसर्गिक अडुसष्ट वर्षं चालली आहे, तिच्यासाठी कुणी हॉल घेतला नाही.

आक्कांनाही नेलं होतं. हे गेल्यापासून नणंदबाई पाथर्डीचं घर बंद करून माझ्याकडेच आहेत. अंगठे ठेवताना म्हणाल्या, "आंगठाच पायजे ना? जनमभर त्योच दिलाय." शिबिरातली मुलगी हसली. मोबाईल नंबर विचारला. आक्कांकडे फोन नाही. "माझाच लावा," म्हटलं. या घरात गॅस, रेशन, आधार, सगळं माझ्याच नंबरवर.

आक्कांचा मेसेज आला नाही. म्हणजे त्या ठणठणीत.

सोम. १२ जाने.

झोप नाही. स्वतःची नाडी मोजत पडले, मोजली की ती आणखी पळते. आक्कांनी भांड्यांना हात लावू दिला नाही. शनिशिंगणापूरला पाच शनिवारचा नवस बोलल्या, उपाशी जायचं. "शालन, तुझ्या मागं साडेसाती हाय." म्हटलं, साडेसाती त्या ॲपची आहे. कॉन्व्हेंटात मला शालिनी म्हणत. शालन फक्त आक्का म्हणतात.

शनि. १७ जाने.

आक्का एसटीने जाऊन तेल वाहून आल्या. येऊन पायरीवरच बसल्या, छातीवर हात. "चिमनी आडकल्यावानी फडफडतंय." मी पित्ताची गोळी दिली. उपाशीपोटी उन्हात हिंडल्यावर दुसरं काय होणार? शिवाय या घरात पेशंट मी आहे, हेही सुनावलं. हसल्या आणि माझ्यासाठी भात टाकायला गेल्या.

गुरु. २२ जाने.

पुण्याला. छातीला तारा लावून दिवसभराचं यंत्र बांधलं. आक्का बरोबर येते म्हणत होत्या. नको म्हटलं, दोन माणसांची धावपळ कशाला.

शनि. २४ जाने.

रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय तुमच्या जिभेपेक्षा शांत आहे. मी तेरा दिवस मृत्युपत्राचा मजकूर जुळवत होते, आणि हा विनोद.

घरी आले तर आक्का दुसऱ्या शनिवारचं तेल वाहून आलेल्या. "बग, शनिदेवानं धुऊन काढलं तुझं काळीज." मग नवस थांबवा म्हटलं. "गुन आला म्हनून सोडायचा नसतो."

संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं, यंत्र बंडल आहे.

मंगळ. २७ जाने.

शिबिरातल्या मुलीचा फोन. "मॅडम, आमच्या डॉक्टरांनी तुमचा आलेख स्वतः बघितला. त्यांनाही लय बिघडलेलीच दिसतेय. त्या दिवशी तुमच्याबरोबर अजून कोणी…"

पुढचं बोलू दिलं नाही. सिस्टरांनी शिकवलेलं खास झाडण्याचं इंग्रजी बरेच दिवसांनी बाहेर काढलं. माझं नाव बंद करा, चुकीचं निदान म्हणून लिहा, म्हटलं. ती फक्त "हो मॅडम" म्हणाली. धार अजून आहे माझ्या जिभेला. बरं वाटलं.

शनि. ७ फेब्रु.

आक्का पडल्या. चौथा शनिवार, निघायच्या तयारीत. तेलाची बाटली हातातून सुटली, त्या आवाजाने धावले. तोंड वाकडं. उजवा हात उचलेना. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होत्या, शब्द नव्हतेच त्यात.

रिक्षा. हॉस्पिटल. साडीला तेल.

रवि. ८ फेब्रु.

डॉक्टर तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. आक्कांच्या ठोक्यांना ताल नाही. तो अधूनमधून बिघडतो, अधूनमधून सुधारतो. बिघडला की हृदयात रक्त साकळतं, त्यातली गुठळी मेंदूत गेली. आधी कधी आलेख काढला होता का?

काढला होता, म्हटलं. शिबिरात. काही निघालं नाही. मेसेज माझा आला, त्यांचा आलाच…

वाक्य तिथेच राहिलं. फोन काढून दिला. डॉक्टरांनी तो आक्कांच्या कागदाशेजारी धरला. दोन्हींवरून बोट फिरवलं.

"हा कुणाचा म्हणालात?"

रक्त पातळ करायची गोळी त्याच वेळी सुरू झाली असती तर हे टळलं असतं का? म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, धोका मात्र पुष्कळ कमी झाला असता. खोटं बोलले असते तर चाललं असतं.

मंगळ. १० फेब्रु.

शिबिर घेणाऱ्या हॉस्पिटलात जाऊन त्या मुलीला गाठलं. भांडायलाच गेले होते. तिने सगळं सांगितलं. आक्कांसाठी नंबर टाकला तर माझंच नाव उघडलं, नवं नाव घेईना. मागे रांग. तिने त्याच नावावर पुढे नेलं, नंतर दुरुस्त करू म्हणून. नंतर राहून गेलं. माझा आलेख गेला, त्या जागी आक्कांचा बसला.

"डॉक्टर म्हणाले तेव्हा शंका आली, मॅडम. तेच विचारायला फोन केला होता."

मग परत का नाही केलास, असं विचारणार होते. पण परत फोन करावा असं मी तिच्यात काही शिल्लक ठेवलं होतं का?

विमा कंपनीत असताना नावात घोळ दिसला की मी दावा परत पाठवायचे. 'हा मनुष्य तोच कशावरून?' हे माझं ठरलेलं वाक्य. घरात दोन माणसं, आलेला मेसेज एक, आणि मला ते एकदाही सुचलं नाही. आजार आला तोही माझाच असणार!

यंत्र चुकलं नव्हतं. चिमणी त्याला दिसली होती.

शुक्र. १३ फेब्रु.

आक्का घरी. उजवी बाजू जड, जिभेवर शब्द येत नाही. सगळं कळतं. सकाळी वेणी घालत होते तर डावा हात वर करून माझ्या छातीवर ठेवला. भुवया उंचावल्या. तुझं बरं आहे ना?

"बरं आहे," म्हटलं. त्यांनी हात हलवून खूण केली, बोटांनी तेल ओतल्यासारखी. पाचवा शनिवार उद्याचा. चौथाही राहिला.

आलेखाचं, फोनचं काही सांगितलं नाही.

शनि. १४ फेब्रु.

शिंगणापूरला मी गेले. कॉन्व्हेंटात, नंतर ऑफिसात, यावर किती टिंगल केली असेल. तेल वाहिलं. काय मागायचं ते ठरलेलं नव्हतं. देवाला आक्कांचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. घोळ नको.

सोम. १६ फेब्रु.

हॉस्पिटलला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात सगळा दोष त्यांचा होता, भाषा सुरेख होती. फाडला.

दुसऱ्यात लिहिलं: तुमच्या यंत्रात एका नंबराला एकच माणूस बसतो. आमच्याकडे एका नंबरावर घर चालतं. सुप्याच्या कारखान्यांतल्या कामगारांत, खेड्यापाड्यांत तुम्ही शिबिरं घेतलीत, तिथे कुणाचं काळीज कुणाच्या नावावर पडून आहे? दोष त्या मुलीवर ढकलू नये. तिने फोन करून विचारलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. हेही नोंदवून घ्यावं. एका नंबरावर एकाहून अधिक माणसं तपासली गेली असतील, त्या प्रत्येकाला परत बोलावलं की नाही, याचं लेखी उत्तर शनिवार, २८ फेब्रुवारी, सायंकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. तोंडी उत्तर चालणार नाही.

पाकीट चिकटवायच्या आधी आक्कांना वाचून दाखवलं. फोनचं वाक्य गाळून. त्यांनी डावा हात पुढे करून पत्र मागितलं, खुणेने शाई मागितली, अंगठा पुढे केला. त्यांचाही हवा ना पत्रावर.

उमटवू दिला नाही. म्हटलं, एक वाक्य वाचायचं राहिलंय आक्का, ते ऐका, मग द्या.

पत्र अजून उशाशी आहे. उद्या सकाळी वेणी घालताना वाचणार. मुदत आक्कांनाही तीच, अठ्ठावीस. त्यांचं उत्तर मात्र मला तोंडीच हवं.